उकाड्याची फोड

भिवंडीत मे महिन्यात यंत्रमागाच्या गाळ्यात उभं राहिलं की घामाच्या धारा लागतात. वर पत्रा तापलेला, आत मोटारी तापलेल्या. बाहेर काल्हेरपासून माणकोलीपर्यंत भातखाचरांच्या जागी गोदामं. हा झाला गावाने स्वतः वाढवलेला उकाडा. पण समुद्रही तापतो आहे, त्याचं खापर पत्र्यावर कसं फोडणार? निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, ही फोड करायला शास्त्राला चार दशकं लागली.

सुरुवात १९७९ ची. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी निसर्गाच्या चढउतारांतून माणसाच्या करणीचा ठसा हुडकायची गणिती रीत मांडली. प्रत्येक कारणाची खूण निराळी असते. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबरही तापलं असतं. प्रत्यक्षात ते थंड होत गेलं आणि जमिनीलगतची हवा तापली. ही खूण हरितगृह वायूंची.

१९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी जग सुमारे अर्ध्या अंशाने निवलं. पण दोन-तीन वर्षांतच पारा पुन्हा चढला. १९९८ साल प्रशांत महासागर तापवणाऱ्या एल निनोमुळे विक्रमी तापलं. त्यानंतर तापमानवाढ थांबल्याची हाकाटी झाली. २०११ मध्ये फॉस्टर आणि राह्मस्टॉर्फ या संशोधकांनी १९७९ ते २०१० च्या नोंदींतून एल निनो, ज्वालामुखी आणि सूर्य यांचा परिणाम वजा केला. उरली ती सरळ चढण. पुढे २०२१ हे थंडाव्याच्या ला निनाचं वर्षही १९९८ पेक्षा उष्ण निघालं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने, म्हणजे आयपीसीसीने, आकडा दिला: माणसामुळे वाढ सुमारे १.०७ अंश, सूर्य आणि ज्वालामुखींमुळे जेमतेम ०.१ अंश इकडे किंवा तिकडे. हासेलमान यांना नोबेलही त्याच वर्षी मिळालं.

भारताचा हिशेब २०२० मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडला. १९०१ ते २०१८ दरम्यान देश सुमारे ०.७ अंशाने तापला, आणि हवेतल्या कणांनी काही वाढ झाकून ठेवली. कोळशाच्या धुरातले गंधकाचे कण ऊन परतवतात, पण पावसात धुऊन जातात. त्याच कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं टिकतो. भिवंडीत सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या धुराड्यातून दोन्ही निघतात.

पत्र्याला पांढरा रंग दिला तर गाळ्यातला उकाडा उतरेल. एल निनोचा ताप वर्षभरात ओसरेल. तिसरा, हरितगृह वायूंचा ताप मात्र कोळसा-तेल जाळणं थांबलं तरी लगेच उतरणार नाही. फक्त वाढायचा थांबेल.