‘नेव्ही ब्लू’ म्हणताना जोर कुठे?

शाळेच्या गणवेशामुळे ‘नेव्ही ब्लू’ हा शब्द मराठी घरांत कधीचाच रुळला आहे. आपण तो सपाट म्हणतो, ने-व्ही-ब्लू, तिन्ही अवयव सारख्याच वजनाचे. मराठीत ते खपून जातं, कारण आघाताची जागा हलली म्हणून आपल्याकडे शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत तसं नाही.

जोडशब्दात जोर नेहमी पहिल्या शब्दावर, ही सगळ्यांत चिवट समजूत. ती आली ‘ब्लॅकबोर्ड’, ‘ग्रीनहाउस’ अशा नामांवरून, आणि तिथे ती बरोबरही आहे. ‘ग्रीन’वर आघात दिला की रोपं वाढवायचं काचघर, ‘हाउस’वर दिला की नुसतं हिरव्या रंगाचं घर. रंगांच्या जोडविशेषणांची चाल मात्र वेगळी. ‘द स्कर्ट इज नेव्ही ब्लू’ या वाक्यात मुख्य आघात ‘ब्लू’वर पडतो, ‘ने’वर दुय्यम, आणि ‘व्ही’ हलकाच राहतो. ‘डार्क ग्रीन’, ‘स्काय ब्लू’ यांचंही तेच.

मग ‘शेवटच्या शब्दावर जोर’ असं पाठ करून टाकावं का? तेही फसतं. हेच विशेषण नामाआधी आणा : ‘अ नेव्ही-ब्लू स्कर्ट’. आता ‘ब्लू’ आणि ‘स्कर्ट’ हे दोन जोरकस अवयव एकमेकांना खेटून आले, आणि इंग्रजीच्या लयीला अशी गर्दी सोसत नाही. ‘ब्लू’ मागे सरतो, ‘ने’ पुढे येतो. टेबलावर बोटाने ठेका धरून म्हणून बघा : एक ठोका ‘ने’वर, दुसरा थेट ‘स्कर्ट’वर. जॉन वेल्स यांच्या लाँगमन उच्चारकोशात (पहिली आवृत्ती १९९०) अशा सरकत्या आघाताच्या शब्दांपुढे एक छोटा काळा त्रिकोण छापलेला असतो. शिकणाऱ्याने तो शोधायची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आणि दोन छटांचा फरक सांगायचा असेल, ‘डार्क ब्लू नको, लाइट ब्लू हवा’ असं, तर जोर ‘डार्क’ आणि ‘लाइट’वरच जातो.

आघात म्हणजे आवाज चढवणं नव्हे. सूर बदलतो, स्वर लांबतो, स्पष्ट होतो.

कोशातल्या ठिपक्यांनीही घोटाळा होतो. मेरियम-वेब्स्टरमध्ये ‘आयव्हरी’ या शब्दात ठिपका एकच, म्हणून अवयव दोनच असं धरून चालू नये. सावकाश उच्चारात ते तीन असतात. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा, एवढंच तो ठिपका सांगतो, आणि पहिलं एकटं अक्षर मागे ठेवून शब्द तोडायचा नसतो.