मोबाईलचे दुकान आणि पक्की पावती

मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे सिद्ध करण्यात मी आपला वेळ घेत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले. त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आज मजुरी जमा झाल्याचा निरोप, गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेची सूचना हे सारे त्या एका डबीतून येते. म्हणून यंत्रमागावरचा कामगारसुद्धा महिन्याच्या मजुरीएवढी रक्कम एका संध्याकाळी एका दुकानात मोजतो. घरभाड्याचे पन्नास रुपये कमी व्हावेत म्हणून जो महिनाभर घासाघीस करतो, तोच येथे अर्ध्या तासात मोकळा होतो. त्या अर्ध्या तासात काय घडते, एवढाच माझा विषय.

आमच्या संघटनेच्या कचेरीत पूर्वी लोक पगाराची चिठ्ठी घेऊन येत, कपात कसली झाली ते विचारायला. हल्ली त्याच टेबलावर मोबाईलच्या दुकानाची बिले येऊन पडतात. दोन्ही कागद वाचायची रीत एकच आहे. पगारातून कायद्यात सांगितल्याखेरीज कोणतीही कपात करता येत नाही, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आला आहे. बिलाकडेही त्याच नजरेने पाहावे. प्रत्येक ओळीला विचारावे : तू कोण, आणि तुला कोणी बोलावले?

पहिली गोष्ट म्हणजे बिल मिळतेच असे नाही. ‘बिल हवे असेल तर अठरा टक्के वेगळे पडतील’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. हे वाक्य खोटे आहे. खोक्यावर जी कमाल किंमत छापलेली असते ती सर्व करांसह असते, तिच्यावर एक पैसा जास्त घेता येत नाही. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे ११,८०० रुपयांच्या फोनमध्ये १,८०० रुपये कराचे आधीच धरलेले असतात. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे दिले आणि हाती कच्ची चिठ्ठी घेतली, तर त्याने कर भरलेलाच असतो. तो सरकारात पोचला की नाही, एवढाच प्रश्न उरतो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘मोबाईल नंबर सांगितल्याशिवाय बिल निघत नाही’ असेही सांगतात. नंबरासाठी असा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना बजावले आहे.

पक्क्या पावतीवर दुकानाचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असला पाहिजे. हा क्रमांक म्हणजे गाडीच्या चॅसी नंबरासारखा. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. तो, खोक्यावरचा आणि पावतीवरचा असे तिन्ही दुकानातच ताडून पाहावेत. फोन चोरीस गेला तर २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या संचार साथी व्यवस्थेतून तो बंद करता येतो, आणि तेव्हा हाच क्रमांक लागतो. खोके मात्र आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगावे.

आता हप्त्यांकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. आमच्या एका भगिनीने, कांड्या भरण्याचे काम करणारी बाई, मुलाच्या कॉलेजसाठी फोन घेतला. बिनव्याजी हप्ते, असे सांगण्यात आले. दोन महिन्यांनी पासबुक घेऊन ती आमच्याकडे आली. फोनबरोबर तिच्या नावावर फुटतूट संरक्षणाची योजना, वाढीव वॉरंटी आणि प्रक्रिया शुल्क चढले होते, आणि हे सारे कर्जातच मिळवलेले होते. तिला यांतले एकही सांगितलेले नव्हते. तिने फक्त तीन वेळा ‘ओटीपी’ सांगितला होता.

मुळात बिनव्याजी कर्ज ही चीज नसतेच. शून्य टक्के व्याज अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना सुनावले. मग हिशेब कसा जमतो? समजा फोन १८,००० चा आणि ३,००० चे सहा हप्ते. सालीना पंधरा टक्क्यांनी मोजले तर सहा हप्त्यांची आजची किंमत होते सुमारे १७,२४०. म्हणजे ७६० रुपये व्याज आहेच. कंपनी किंवा दुकानदार तेवढी सूट सावकाराला देतो आणि आपल्याला ‘बिनव्याजी’ म्हणून दाखवतो. तीच सूट रोखीने घेणाऱ्याने मागितली तर पुष्कळदा ती त्यालाही मिळते. मागून पाहा! क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या ७६० रुपयांवर अठरा टक्के कर, म्हणजे आणखी १३७ रुपये, शिवाय प्रक्रिया शुल्क. ही रक्कम मोठी नाही, हे मला मान्य आहे. पण हप्ता बँकेतून आपोआप वळता होण्याची संमतीही त्याच ओटीपीत दिलेली असते. मजुरी चार दिवस लांबली, खात्यात पैसे नसले, की हप्ता परत जातो. मग बँकेचा दंड वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा. ज्याची मजुरी वेळेवर होत नाही त्याला हा दंड दर दुसऱ्या महिन्याला बसतो.

पूर्वी सावकार अंगठा घेई. रोख्यात काय लिहिले ते कुणब्याला वाचता येत नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांच्या रागाचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर; ते त्यांनी जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. रोखा निबंधकासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असे त्याने ठरवले. आजही तशी सोय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येकाने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद कर्जाआधी दिला पाहिजे आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहिला पाहिजे. तो आपल्याला समजेल अशा भाषेत असावा लागतो. ओटीपी सांगण्यापूर्वी तो मागा. ओटीपी म्हणजे अंगठाच आहे.

फोन सदोष निघाला तर ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा’ असे सांगून दुकानदार हात झटकतो. बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. आधी दुकानाला लेखी पत्र द्यावे, पोच घ्यावी. मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे फी नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षांची. आणि २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण जेथे राहतो तेथील आयोगात करता येते, दुकान मुंबईला असो की मालाची मागणी घरबसल्या केलेली असो. निकाल कायद्यातल्या मुदतीत लागतो असे मात्र मी म्हणणार नाही. चिकाटी ठेवावी लागते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा तर हा कायदाही नव्हता, तो १९८६ साली झाला.

शेवटी काउंटरवरच्या पोराविषयी. त्या बाईच्या प्रकरणात आम्ही दुकानात गेलो तेव्हा आमचे काही लोक त्याच्यावर धावून जाऊ पाहत होते. मी त्यांना आवरले. अशा दुकानांत उभी असलेली पुष्कळ मुले दुकानाची नोकर नसतातच. कोणी मोबाईल कंपनीचा, कोणी कर्ज देणाऱ्या कंपनीचा, कोणी मध्यस्थ ठेकेदाराचा. मूळ पगार तुटपुंजा, आणि किती फोनांना संरक्षण योजना जोडली यावर वरकड. लक्ष्य गाठले नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा मुलगा उभा. त्या मुलाने आम्हाला बाहेर चहाच्या गाडीवर हे सारे सांगितले; आत सांगू शकत नव्हता. म्हणून आमच्या कचेरीत तक्रार लिहिली जाते तेव्हा विरुद्ध पक्ष म्हणून दुकानाचे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव घालतो, मुलाचे घालत नाही. बाईचे संरक्षण योजनेचे पैसे परत आले, प्रक्रिया शुल्क आले नाही. त्याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.