तिकीट कोणी ठरवायचं?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या वेळची गोष्ट. सेक्रेटरीपदासाठी प्रत्येक ब्रँचने एकच नाव द्यायचं होतं. आमच्या ब्रँचमधून तिघं तयार होते. त्यातली एक मुलगी दोन वर्षं मंडपापासून हिशेबापर्यंत सगळं सांभाळत आलेली. नाव ठरवायला सेमिनार हॉलमध्ये हात वर करून मतदान घ्यायचं ठरलं. दार उघडंच होतं. शेजारच्या ब्रँचची पंधरा-वीस पोरं मागच्या बाकांवर येऊन बसली आणि त्यांनी इमानेइतबारे हात वर केले, आमच्यातल्या सगळ्यात कच्च्या उमेदवारासाठी! तोच निवडून आला आणि पुढे मुख्य निवडणुकीत त्यांच्याच उमेदवाराकडून सपाटून हरला. ती मुलगी यंदा कुठल्याच कमिटीत नाही.

नंतर जरीपटक्यात दाल-पकवान खाता खाता आमची यावर जोरदार चर्चा झाली. एक म्हणे, "दार लावून घ्यायला पाहिजे होतं ना बे." दुसरा म्हणे, "दार लावलं असतं तर तुमच्या चार जणांच्या ग्रुपनंच नाव ठरवलं असतं." मित्रांनो, अमेरिकेत याच भांडणाला शंभरेक वर्षं झाली आहेत.

तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला आधी एक प्राथमिक निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. फ्लोरिडा, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत ती बंद असते. म्हणजे मतदार नोंदणीच्या वेळी ज्याने जो पक्ष लिहिला, त्याच पक्षाच्या प्रायमरीत त्याला मत. विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये ती खुली असते. तिथे कोणीही यावं, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावं. बंद दाराआड कट्टर लोकांचं चालतं आणि कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस बाहेर राहतो. खुल्या दारातून आमच्या मागच्या बाकांवरची मंडळी आत येऊ शकतात.

आपल्याकडे काय? आपल्याकडे दारच नाही. उमेदवार कसा निवडावा, यावर आपला निवडणूक कायदा गप्प आहे. पक्षाने ए आणि बी फॉर्मवर सही करून ज्याला दिला, तो अधिकृत उमेदवार. म्हणून तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत 'एबी फॉर्म कोणाला' हीच बातमी असते!

एकदा मात्र प्रयोग झाला होता, आणि तोही आपल्या शेजारी वर्ध्याला. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत प्रायमरी घ्यायचं ठरवलं. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर. प्रायमरी अर्थातच बंद होती. मत फक्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना, सामान्य मतदाराला नाही. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस असा सामना झाला. मेघे जिंकले. म्हणजे दिल्लीची चिठ्ठी टळली, पण निवड दोन राजकीय घराण्यांतच राहिली. पुढे भाजपच्या रामदास तडस यांनी मेघेंना दोन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. लातूरला प्रायमरी जिंकलेले दत्तात्रय बनसोडेही पडले. त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले! २०१९ ला वर्ध्यात काँग्रेसचं तिकीट टोकस यांना मिळालं, त्याही तडस यांच्याकडून हरल्या.

आता प्रायमरी वाईट म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या लाटेत भलेभले वाहून गेले. पण मतदार यादीच पक्षाच्या आतली असेल, तर ज्याच्या हाताखाली पदाधिकारी जास्त तो जिंकणार, एवढं गणित कळायला एम-थ्री पास व्हायची गरज नाही.

कॅलिफोर्नियाने तिसराच मार्ग काढला. २०१२ पासून तिथे बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघं अंतिम फेरीत जातात. ऐकायला मस्त! पण पहिल्याच वर्षी ३१ व्या मतदारसंघात गंमत झाली. तिथे डेमोक्रॅट मतदार भरपूर, पण त्यांचे चार उमेदवार उभे. मतं चौघांत फुटली आणि अंतिम फेरीत दोन्ही रिपब्लिकन!

हे आपल्याला नवीन नाही. जरीपटका ज्यात येतो, त्या उत्तर नागपूरात २०१४ च्या विधानसभेला भाजपचे मिलिंद माने सुमारे ६९ हजार मतांवर निवडून आले. बसपाचे किशोर गजभिये ५५ हजारांवर, काँग्रेसचे नितीन राऊत ५० हजारांवर. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज एक लाखाच्या वर जाते. बसपाच्या मतदाराची दुसरी पसंती कोण होती, काँग्रेस की भाजप? कोणी विचारलंच नाही. आपल्या मशीनवर तो प्रश्नच नसतो, एक बटण दाबलं की झालं.

जिथे हा प्रश्न विचारतात, अशी एक निवडणूक नागपुरातच होते. विधान परिषदेची पदवीधर मतदारसंघाची. नितीन गडकरी कितीतरी वर्षं इथूनच आमदार होते. २०२० मध्ये काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी भाजपची ही जुनी जागा घेतली. इथे कागदी मतपत्रिका असते आणि नावांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे असतात, तेही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर विजय. नाही मिळाली, तर सगळ्यात मागचा बाद आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. सरळ सरळ व्हाईल लूप आहे. पदवीला तीन वर्षं झाली की आपणही मतदार होऊ शकतो. फक्त नाव आपोआप येत नाही. यादी दर वेळी नव्याने होते आणि फॉर्म १८ भरावा लागतो. माझ्या इंजिनिअर दादाला हे २०२० च्या मतदानाच्या दिवशी कळलं.

यंदा आमच्या ब्रँचने दार अर्धं लावलंय. मत फक्त ब्रँचच्या पोरापोरींना, पण चारही वर्षांच्या, आणि पसंतीक्रमाने. त्या मुलीला पुन्हा उभं राहा म्हणून विचारलंय, तिने अजून हो म्हटलेलं नाही. मोजणीचा प्रोग्रॅम मी सी मध्ये लिहिलाय. शेवटच्या दोघांची मतं समान झाली तर कोणाला बाद करायचं, तेवढं ठरायचंय.