गांजा खुला करावा का?

साजगावच्या कार्तिकी यात्रेत एका परिचित गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर, दारू खुलेआम मिळते, मग गांजावरच बंदी का?"

प्रश्न रास्त आहे. इंग्रज सरकारने १८९३ साली नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मात्र फुलोऱ्याचा गांजा व राळेचा चरस यांवर बंदी आली.

वैद्यकीयदृष्ट्या पाहू. मेंदूची वाढ साधारणतः पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात रोज गांजा ओढल्यास स्मरणशक्ती व एकाग्रता मंदावते. घराण्यात मानसिक आजार असल्यास भास, संशय यांचा धोका वाढतो. गांजाची सवय लागत नाही, हाही गैरसमजच. सोडताना झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. उलटपक्षी, याच झाडातील कॅनाबिडिऑल हे द्रव्य फिट्सच्या काही दुर्मिळ प्रकारांत गुणकारी ठरले आहे. अशा औषधी वापराला कायद्यातही परवान्याने वाव आहे.

म्हणून माझे मत असे : औषध म्हणून जरूर वापरावा, पण गांजाचे दुकान नको. दारूने झालेली हानी हे दुसरे व्यसन खुले करण्याचे कारण होऊ शकत नाही. मात्र ओढणाऱ्या मुलाला तुरुंगापेक्षा उपचारांची गरज असते. थोड्या गांजासह सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार पूर्ण केल्यास खटल्यातून सूट मिळते, अशी तरतूद याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. पालकांनो, लोकलाजेस्तव मुलाचे व्यसन लपवू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा.