आधी पाहा, मग हात लावा

1 जुलै 2023 ला मध्यरात्र उलटल्यावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली. पडली ती दरवाजाच्याच बाजूवर, आणि पेटली. बसमधल्या 33 जणांपैकी 25 जण दगावले. वाचलेल्यांपैकी काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले होते. त्याच महिन्याच्या 29 तारखेला मलकापूरला दोन खासगी बस एकमेकींवर आदळल्या. अशा जागी रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचतात ते आसपासचे शेतकरी, ढाब्यावरची माणसं, मागून येणारे वाहनचालक. त्यांची तळमळ खरी असते, पण काही समज असे रुजलेत की त्यांतून जखमीचं नुकसानच होतं.

सगळ्यात पक्का समज म्हणजे जखमीला आधी ओढून बाहेर काढायचं. वाहन पेटलं असेल, धूर कोंडला असेल किंवा ते पाण्यात बुडत असेल, तर एक क्षणही न थांबता बाहेर काढायलाच हवं. पण असा धोका नसेल, तर हातपाय धरून ओढू नका. मानेचं किंवा पाठीचं हाड मोडलं असेल, तर त्या हिसक्यानं मज्जारज्जूला इजा होते आणि माणूस जन्मभर लुळा पडू शकतो. इंजिन बंद करा, जखमीचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, त्याच्याशी बोलत राहा. त्याहीआधी एकाला बरंच मागे उभं करून येणारी वाहनं सावध करायला सांगा. गर्दीत दुसरी गाडी घुसून मदतीला आलेलेच चिरडले जातात.

दुसरा समज, जो जास्त ओरडतो त्यालाच जास्त लागलं. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. म्हणून जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. खांदा थोपटा, हाक मारा, छाती वरखाली होते का ते दहा सेकंद पाहा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नाही, तर 108 ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून जोरात दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मधूनमधून आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा श्वास नव्हे. त्याला फसून अनेक जण थांबतात, तसं थांबू नका.

बेशुद्ध माणसाला पाणी पाजणं हे आपल्याकडे पुण्याचं काम वाटतं. ते पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. श्वास चालू असलेल्या बेशुद्धाला दोघातिघांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी किंवा रक्त बाहेर पडेल. मानेची भीती असली तरी श्वास मोकळा ठेवणं आधी. मिरगीच्या झटक्यातही कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.

रक्त वाहत असेल तर हळद, चुना, कॉफी नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजलं तर न काढता त्यावर दुसरं ठेवा. घुसलेली काच किंवा सळई उपसू नका. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, बर्फ नको. वीस मिनिटं वाहतं थंड पाणी सोडा आणि सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा.

सर्पदंशाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सोयाबीन-कपाशीच्या शिवारात तो नेहमीचाच. वर घट्ट दोरी बांधली की विष चढत नाही, हा समज फार जुना. प्रत्यक्षात त्यानं रक्तपुरवठा तुटून हात किंवा पाय सडू शकतो. चिरा देणं, तोंडानं ओढणंही तसंच घातक. दंश झालेला भाग फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. ‘दुखत नाही, म्हणजे विषारी नव्हता’ हेही खोटं. मण्यारीचा दंश कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो आणि मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

राहिली पोलिसांची भीती. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. चांगल्या भावनेनं मदत करताना काही चुकलं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचीही नाही. तेव्हा गाडी थांबवा, 108 किंवा 112 ला फोन करा आणि महामार्गाची दिशा व जवळच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा आधी सांगा.