रेघ दिसते, पण बोलवत नाही

चार रेघांची गंमत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी लांब कुठली ते सांगायचं. शाळकरी पोरालाही जमेल. एकट्यानं उत्तर देताना चूक शंभरात एखादीच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात हेच काम घोळक्यात करायला दिलं. घोळक्यातला एकच विद्यार्थी खरा, बाकीचे आधी पढवून ठेवलेले. १८पैकी १२ वेळा ते सगळे एकमुखानं चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांत खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरं घोळक्यामागे गेली.

का? नंतर विचारलं तेव्हा काहींना ‘एवढे जण म्हणतात म्हणजे माझंच काही चुकत असेल’ असं खरंच वाटलं होतं. काहींना उत्तर ठाऊक होतं, पण वेगळं दिसायचं नव्हतं. पहिल्यांना माहिती हवी होती, दुसऱ्यांना आपलेपणा. आपण बहुधा दुसऱ्या गटातले, असं मला वाटतं.

‘माणूस म्हणजे मेंढरू’ असा निष्कर्ष यावरून सर्रास काढला जातो. तो अर्धवट आहे. जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच होती! शिवाय घोळक्यातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी दबाव झपाट्यानं ओसरे. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, तरीही तेच.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हात वर करायला सांगण्याआधी चिठ्ठ्या वाटून पाहा.