प्रवाळांची नाडीपरीक्षा

राखोलीवरून वाहणारी दमणगंगा दमण येथे अरबी समुद्रास मिळते. तिच्यासारख्या नद्यांच्या गाळाने किनाऱ्याचे पाणी गढूळ होते, आणि अशा पाण्यात प्रवाळांची वाढ खुंटते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते. सूर्यप्रकाशावर ते जे अन्न सिद्ध करते, त्यावरच प्रवाळाचा मुख्यतः निर्वाह चालतो. म्हणून त्यास स्वच्छ, उथळ आणि उबदार पाणी लागते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटरवर असलेल्या नेत्राणी बेटाभोवती प्रवाळ आहेत. परंतु हेच बेट भारतीय नौदलाने गोळामारीच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरलेले आहे. तेथे प्रवाळ मेलेला दिसला, तर दोष तोफेचा की तापलेल्या समुद्राचा? याचे उत्तर तर्काने नव्हे, मोजणीनेच मिळते.

पाणबुडा तळाशी मोजपट्टी सरळ पसरतो आणि तिच्याखाली जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, शैवाल, वाळू व मोडके तुकडे यांनी किती लांबी व्यापली ते टिपून घेतो. शंभर फुटांत तीस फूट जिवंत प्रवाळ आढळला, तर त्याचे आच्छादन तीस टक्के. हीच मोजणी त्याच जागी पुन्हापुन्हा करावी लागते.

इजेच्या खुणाही निरनिराळ्या असतात. स्फोटाने प्रवाळ फुटतो व त्याचा चुरा एके ठिकाणी साचतो. उष्णतेने तो मोडत नाही. त्यातील शैवाल निघून जाते व तो उभ्याउभ्या पांढरा पडतो. १९९८ व २०१६ साली जगभर असे घडले. पांढरा प्रवाळ मेलेलाच असतो असे मात्र नव्हे. पाणी लवकर निवाले, तर तो सावरू शकतो.

आणखी एक सावधगिरी हवी. सरावाच्या क्षेत्रात मासेमारीस बंदी असेल, तर मासळी वाढू शकते. तेवढ्यावरून गोळामारी निरुपद्रवी ठरत नाही. म्हणून जेथे गोळे पडत नाहीत, अशा तत्सम बेटाशी तुलना केली पाहिजे.

देशाला सज्ज नौदल हवे, तशी कोळ्याच्या जाळ्यात मासळीही हवी. आणि अनेक मासे लहानपणी प्रवाळांच्याच आश्रयाने वाढतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज प्रवाळांना संरक्षण आहे. परंतु पूर्वी काय होते याची नोंदच नसेल, तर काय गमावले हे कोणत्या आधारावर सांगणार? पहिली मोजणी पहिल्या गोळ्याआधी व्हावी, ती याचसाठी.